रुमॅटॉइड आर्थरायटिस (आमवात)

रुमॅटॉइड आर्थरायटिस, डॉक्टरांच्या तोंडी नुसतं आरए, हा सांध्यांचा ऑटोइम्यून आजार आहे. म्हणजे जंतूंशी लढायला असलेली शरीराची इम्युनिटी आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, ते अस्तर सुजून जाड होतं आणि शेजारची कूर्चा आणि हाड हळूहळू खात जातं. आयुर्वेदात माधवनिदानात आमवाताचं वर्णन आहे आणि ते बरंचसं याच्याशी जुळतं म्हणून मराठीत तेच नाव चालतं, पण आपल्याकडे घरोघरी कुठल्याही सांधेदुखीला 'वात' म्हणायची सवय, त्यामुळे गुडघे झिजलेली आजी आणि बोटं सुजलेली तिशीतली सून दोघींना एकच तेल चोळायला मिळतं.

झीज वयाने होते, आरए मात्र बहुतेकदा तिशी ते साठीच्या दरम्यान सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, नळ पिळवत नाही, अंगठी बोटात अडकते, भाकरी थापताना मनगटातून कळ येते आणि हा आखडलेपणा तासभर तरी हलत नाही, मग कामाला लागलं की जरा मोकळं वाटतं. झिजलेल्या गुडघ्याचं उलटं, तो दिवसभर वापरून संध्याकाळी जास्त ठणकतो. दुखणं बहुधा दोन्ही हातांना सारखंच असतं, मनगट आणि बोटांची मुळं आधी धरतात. सोबत थकवा, बारीक ताप, भूक कमी. पुढे फुप्फुसं, डोळे यांनाही त्रास होऊ शकतो, म्हणून याला फक्त हाडांचा आजार म्हणणं चूक आहे आणि त्याचा खरा डॉक्टर रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे अशा आजारांचा तज्ज्ञ.

रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या अँटीबॉडी, आणि शरीरातली सूज दाखवणारे ईएसआर, सीआरपी बघतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आजार असू शकतो आणि पॉझिटिव्ह असूनही माणूस ठणठणीत असू शकतो, त्यामुळे नुसता रिपोर्ट वाचून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. युरिक अ‍ॅसिडचा इथे काही संबंध नाही, ते सांध्यांत साचून होतो तो वेगळा आजार, गाउट. गंमत म्हणजे १८५९ मध्ये या आजाराला हे नाव देणाऱ्या आल्फ्रेड गॅरॉड यांनीच त्याआधी गाउटच्या पेशंटच्या रक्तात जास्तीचं युरिक अ‍ॅसिड दाखवलं होतं, तरी आपल्याकडे अजून दोन्हींची खिचडी होते आणि वांगं, डाळ, आंबट सगळं बंद केलं जातं. कारणांत आनुवंशिकता आहे आणि सिगारेट तर नक्कीच आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने घरोघरी जाऊन सर्व्हे केला, त्यात साधारण अर्धा टक्का मोठ्या माणसांना आरए सापडला, म्हणजे हा काही शहरातल्या लोकांचा आजार नाही.

उपचारात १९४८ ला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि अंथरुणाला खिळलेले पेशंट चालायला लागले, १९५० ला नोबेल मिळालं, मग साइड इफेक्ट कळले. आज स्टेरॉइड कमी डोसमध्ये, थोडे दिवस, मुख्य औषधाचा परिणाम दिसेपर्यंत देतात. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच, वार ठरवून घ्यायचं, रोज घेतलं तर जिवावर बेततं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. जोडीला फॉलिक अ‍ॅसिड आणि ठराविक दिवसांनी रक्त, लिव्हर, किडनी तपासायची. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. लोक गूगल करतात, 'कॅन्सरचं औषध' वाचतात आणि गोळी बंद करतात (कॅन्सरमधले डोस याच्या कितीतरी पट असतात), आणि तेच लोक कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी निर्धास्त घेतात, जिच्यात दोन दिवसांत आराम पडावा म्हणून स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन, लेफ्लुनोमाइड हीही औषधं आहेत, आणि १९९८ पासून टीएनएफ (सूज वाढवणारं शरीरातलं प्रथिन) रोखणारी महागडी बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली, इंजेक्शनं. ती देण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते कारण शरीरात झोपलेला टीबी त्यांनी जागा होतो. सांधा एकदा वाकडा झाला की औषधाने सरळ होत नाही, म्हणून पहिल्या काही महिन्यांतच उपचार सुरू व्हायला हवेत.

गरोदरपणात मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड चालत नाहीत, मूल हवं असेल तर डॉक्टरांना बरंच आधी सांगावं लागतं. त्या नऊ महिन्यांत बऱ्याच जणींचा आजार आपोआप शांत होतो आणि बाळंतपणानंतर, नेमकं बाळाला उचलून घ्यायच्या दिवसांत, परत उसळतो.