कागदावर गार झालेला समुद्र

२००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन या समुद्रशास्त्रज्ञांचा एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. २००३ ते २००५ या काळात समुद्राच्या वरच्या ७५० मीटर थरातली उष्णता चक्क घटली, असं त्यात म्हटलं होतं. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकून राहणाऱ्या जास्तीच्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. तोच गार होत असेल तर तापमानवाढीचा सगळा हिशेबच फिसकटतो. हवामानबदलावर शंका घेणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं.

ही मोजमापं आली कुठून, हे पाहायचं तर आधी आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातल्या फ्लोटची, म्हणजे समुद्रात वाहत फिरणाऱ्या मोजयंत्रांची, ओळख करून घ्यावी लागेल. माणसाच्या उंचीची, वीस-पंचवीस किलो वजनाची ही बंद नळकांडी. ना प्रोपेलर, ना सुकाणू. जहाजावरून समुद्रात सोडली की ती आपोआप १,००० मीटर खोल जाते आणि तिथल्या प्रवाहाबरोबर नऊ-एक दिवस वाहत राहते. मग २,००० मीटरपर्यंत उतरते आणि तिथून वर येताना वाटेत पाण्याचं तापमान, क्षारता आणि दाब मोजते. वर यायला पाच-सहा तास लागतात. पृष्ठभागावर आली की उपग्रहाकडे सगळी नोंद पाठवते आणि पुन्हा बुडी मारते. दर दहा दिवसांनी एक फेरी, चार-पाच वर्षं, बॅटरी संपेपर्यंत. त्यानंतर बहुतेक फ्लोट समुद्रातच राहतात. त्यांना शोधून परत आणायला जहाज पाठवणं नव्या फ्लोटपेक्षा महाग पडतं.

वर-खाली जाण्याची युक्ती माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीसारखी आहे, फक्त इथे हवेऐवजी तेल असतं. पंप आतलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलतो. वजन तेवढंच राहतं, आकारमान काहीशे मिलिलिटरनं वाढतं आणि फ्लोट वर सरकू लागतो. तेल आत घेतलं की खाली. क्षारता मोजायला पाण्याची विद्युतवाहकता पाहतात, त्यासाठी एक छोटा पंप संवेदकातून पाणी खेळवत असतो. पृष्ठभाग चार-पाच मीटरवर आला की हा पंप बंद होतो. समुद्राच्या अगदी वरच्या पदरावर तेलकट तवंग असतो, तो आत शिरला तर संवेदक बिघडतो. दक्षिण ध्रुवाकडच्या फ्लोटना तर आणखी एक शहाणपण शिकवलेलं आहे: वरचं पाणी गोठणबिंदूला टेकलेलं दिसलं की डोक्यावर बर्फ आहे असं समजायचं, नोंद पोटात ठेवायची आणि गुपचूप परत खाली जायचं.

पहिले फ्लोट १९९९-२०००च्या सुमारास सोडले गेले. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची संख्या ३,००० झाली, आज ती ४,००० च्या आसपास असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सगळ्या संशोधन जहाजांनी मिळून एक किलोमीटर खोलीपर्यंतच्या तापमान-क्षारतेच्या नोंदी घेतल्या त्या साधारण पाच लाख. आर्गोच्या नोंदी २०१२ मध्येच दहा लाखांवर गेल्या. त्याही कडाक्याच्या हिवाळ्यात जिथे जहाजं फिरकत नाहीत, अशा समुद्रांतल्यासुद्धा.

आता त्या गार समुद्राकडे. गोम अशी होती की उपग्रहांवरून दिसणारी समुद्राची पातळी त्या काळात चढतच होती. पाणी तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. मग पातळी चढते कशी? विलिस यांनी फ्लोटच्या नोंदी एकेक करून तपासायला घेतल्या. एका गटातल्या फ्लोटमध्ये सॉफ्टवेअरची चूक निघाली: तापमान बरोबर, पण ते चुकीच्या दाबाशी, म्हणजे चुकीच्या खोलीशी जोडलं जात होतं. खालच्या गार पाण्याचा आकडा वरच्या पाण्याच्या नावावर पडत होता. दुसरी चूक जुन्या पद्धतीतली. चालत्या जहाजावरून पातळ तारेला बांधलेलं, एकदाच वापरायचं एक उपकरण पाण्यात सोडत. ते खोली मोजत नसे, किती वेळ पडतंय यावरून खोलीचा अंदाज बांधला जाई. त्यातून पाणी असायला हवं त्यापेक्षा उबदार दिसे. जुनी उबदार मोजमापं कमी होत गेली, नवी गार मोजमापं वाढत गेली आणि समुद्र कागदावर गारठला. २००७ मध्ये त्याच लेखकांनी दुरुस्ती जाहीर केली.

मला आर्गोची खरी थोरवी ४,००० च्या आकड्यापेक्षा या प्रकरणात दिसते. समुद्राच्या वरच्या तीनेक मीटर पाण्यात अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता मावते. त्यामुळे इथे अंशाचा शंभरावा भागही किरकोळ नसतो. म्हणूनच प्रत्येक नोंद दोनदा तपासली जाते: एकदा चोवीस तासांच्या आत, यंत्राकडून, म्हणजे हवामान खात्यांना ती लगेच वापरता येते, आणि नंतर सावकाश, जाणकार माणसाकडून, शेजारच्या फ्लोटशी आणि जहाजांच्या नोंदींशी ताडून. सगळं कुणालाही फुकट. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडे हिंद महासागराच्या नोंदींची जबाबदारी आहे.

आपल्याला त्याचा उपयोग काय, तर चक्रीवादळ. वादळाचा वारा समुद्र घुसळतो, खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाचं इंधन कमी होतं. पण उबदार थर जाड असेल तर कितीही घुसळा, वर गरमच येणार. उपग्रहाला दिसते ती पाण्याची कातडी, थराची जाडी नाही. बंगालच्या उपसागरात आणखी एक गंमत: गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी हलकं, ते वर झाकणासारखं बसतं आणि खालच्या पाण्याला वर येऊ देत नाही. अरबी समुद्र त्या मानानं खारट, तिथे बाष्पीभवन पावसापेक्षा जास्त. तरीही २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्तेनं कोकणाला झोडपत गुजरात गाठलं. इन्कॉइस समुद्रात साठलेल्या उष्णतेचे नकाशे काढते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं मान्सूनचं प्रारूपही आर्गोच्या नोंदी मिसळलेल्या समुद्रस्थितीपासूनच सुरुवात करतं.

गुजरात-मुंबईसमोरचा समुद्र मात्र फ्लोटच्या कामाचा नाही. तिथला खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, खूप रुंद आहे, २,००० मीटर सोडाच, २०० मीटरसुद्धा मिळायला बरंच आत जावं लागतं. फ्लोट तिथे भरकटला तर तळाला टेकतो.

आणि दुसऱ्या टोकाला, २,००० मीटरच्या खाली, समुद्राचं जवळपास निम्मं पाणी शिल्लक राहतं. तिथे जायला ६,००० मीटरपर्यंत उतरणारे नवे फ्लोट आले आहेत, त्यातले काही जाड काचेच्या गोळ्यात बसवलेले. त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सहाशे पट असतो. अंटार्क्टिकाहून तळातळानं पसरणारं पाणीही तापतंय असं दिसतं, पण ती वाढ वर्षाला अंशाच्या काही हजाराव्या भागांइतकी. एवढ्याशा फरकासाठी संवेदकावर आंधळा विश्वास ठेवून भागत नाही. त्यामुळे खोल फ्लोट सोडताना जहाजावरून त्याच जागी तारेनं वेगळं उपकरण तळापर्यंत सोडतात आणि दोन्हींचे आकडे जुळतात का ते पाहतात.