टॉवरची लाईन आणि खांबाची लाईन

गेल्या गणपतीत ऐन आरतीच्या वेळी लाईट गेली. शेजारचे तात्या अंगणात आले आणि सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, विजेच्या टॉवरकडे हात करून म्हणाले, "डोक्यावरून एवढी मुंबईला चाललीये, त्यातली एक वायर खाली सोडायला काय जातं यांचं?"

चिपळूणपासून गुहागरपर्यंत हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. पोफळीची, म्हणजे कोयनेच्या वीजघराची, वीज इथली, टॉवर आपल्या बागांतून गेलेले, मग अंधार आपल्याच घरात का? पण टॉवरची लाईन वेगळी आणि खांबाची वेगळी. पहिली पारेषणाची, म्हणजे वीज लांबवर नेण्याची; दुसरी वितरणाची, म्हणजे ती घरोघरी पोचवण्याची. 2005 साली वीज मंडळाचे तुकडे झाले, तेव्हा या दोन कामांच्या कंपन्याही वेगळ्या झाल्या.

ओळखायची सोपी खूण म्हणजे तार जिथे लटकते तिथल्या चकत्या मोजायच्या. वाडीत येणाऱ्या 11 केव्हीच्या (किलोव्होल्ट, विजेच्या दाबाचं माप) तारेला एखादी चकती किंवा साधा चिनीमातीचा पिन असतो, 33 केव्हीला तीनेक. सड्यावरच्या 400 केव्हीच्या टॉवरवर वीस-बावीसच्या वर चकत्यांची माळ लोंबते. पावसात त्या लाईनखाली उभं राहा, कढईत काही तळत असल्यासारखी चरचर ऐकू येते.

एवढा दाब कशाला? 600 मेगावॅट वीज 11 केव्हीने न्यायची म्हटली तर 31 हजार अँपियरच्या वर प्रवाह लागेल. तीच 400 केव्हीने नेली तर नऊशेच्या आत भागतं. तार तापून वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून लांबच्या प्रवासाला दाब चढवायचा आणि गावाजवळ उपकेंद्रात टप्प्याटप्प्याने उतरवायचा. तात्यांची 'एक वायर' खाली सोडायची तर आख्खं उपकेंद्र बांधावं लागेल. दोन-तीनशे घरांसाठी ते कोणी बांधत नाही.

हे मुंबईकडे जाणं आजचं नाही. 1915 साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. पुढे भिवपुरी आणि भिरा आली. घाटावरचं पाणी कोकणात उतरवायचं, वीज शहराला द्यायची. कोयनेचं तेच, क्षमता 1960 मेगावॅट आणि पाणी शेवटी वाशिष्ठीत. आता मुंबईची उन्हाळ्यातली मागणी 4 हजार मेगावॅटच्या घरात जाते. ट्रॉम्बे आणि डहाणूच्या वीजघरांवर ती भागत नाही, शहरात नवं वीजघर उभारायला जागा नाही. म्हणजे शहर वाढलं की बाहेरून आत येणारे टॉवर वाढणार. (पोफळीची सगळी वीज मुंबईलाच जाते हेही खरं नाही. विजेवर पत्ता लिहिलेला नसतो, जवळची मागणी आधी ती खेचते.)

दोन लाईनींतला फरक 2020 सालाने नीट दाखवला. 3 जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं आणि रायगड, दापोली, मंडणगडात खांब काडीसारखे मोडले. कित्येक वाड्यांना लाईट यायला आठवडे लागले, कारण बरेच खांब माणसांनी खांद्यावरून न्यायचे होते. 12 ऑक्टोबरला कळवा-पडघा भागातल्या पारेषण लाईनी बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात अंधारात. लोकल जागच्या जागी थांबल्या. पण बहुतेक भागांत त्याच दिवशी वीज परतली.

तात्यांच्या तक्रारीत एक गोष्ट मात्र खरी आहे. 400 केव्हीच्या लाईनखाली साधारण 46 मीटर रुंदीचा पट्टा लागतो, त्यात उंच झाड ठेवता येत नाही. हापूसची कलमं तोडायची आपण आणि फळ मिळायचं दुसरीकडे. भरपाई मिळते, पण कलम धरायला लागणारी वर्षं कुठल्या रकान्यात भरायची?

त्या रात्रीचा दोष मात्र टॉवरचा नव्हता. आमची डीपी, म्हणजे वाडीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, 63 केव्हीए एवढ्याच क्षमतेची. भादव्यात चाकरमानी आले की बंद घरं उघडतात, पंप, फ्रिज, मिक्सर, रोषणाई एकदम सुरू. त्या वेळी दोन घरांत एसीही होते, त्यातलं एक तात्यांच्या मुलाचं. वायरमन नऊच्या सुमारास आला, फ्यूजची तार बदलली, मोदक खाल्ला आणि जाता जाता म्हणाला, "तात्या, आरती होईपर्यंत तुमचा तेवढा एसी बंद ठेवा."