अरकूप: १,२६० आणि १,४०० पौंडांमधला घोळ

१९४६ हे अरकूप या दोन आसनी छोट्या अमेरिकी विमानाचं वर्ष. ऐन भरात असताना मेरीलँडमधल्या रिव्हरडेलच्या कारखान्यातून दिवसाला तीसहून अधिक विमानं बाहेर पडत होती. आजवर बनलेल्या साडेपाच हजारांहून जास्त अरकूपांपैकी चार हजारांवर त्या एका वर्षातली आहेत. युद्धावरून परतलेला प्रत्येक जण विमान घेईल हा अंदाज मात्र फसला आणि वर्ष सरायच्या आत मागणी आटली. पुढे वीसेक वर्षं हा आराखडा एका कारखान्याकडून दुसऱ्याकडे जात राहिला.

मूळ विमान पहिल्यांदा १९३७ मध्ये उडालं, प्रमाणपत्र मिळालं १९४० मध्ये. नवशिक्याला स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली कोसळण्यात, जाताच येऊ नये, हा त्यामागचा विचार होता. त्यासाठी रडरची (शेपटीवरच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या झडपांची) पेडलं काढली आणि एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या झडपा), दोन्ही रडर व पुढचं चाक एकाच स्टिअरिंगला जोडलं. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) वरच्या बाजूला १३ अंशांवर अडवला, त्यामुळे स्टिअरिंग पोटापर्यंत ओढलं तरी पंख पूर्ण स्टॉल होत नाही, म्हणजे त्याची उचल एकदम तुटत नाही. विमान नाक वर ठेवून खाली बसत जातं. हे बसणं निरुपद्रवी मात्र नाही. धावपट्टीजवळ वेग घालवला, तर उतरण्याचा दर मोडायला एलेव्हेटर पुरत नाही आणि विमान आपटतं.

हे १३ अंश समजले की वजनाचा घोळ उलगडतो. ४१५-सी या मॉडेलचं कमाल वजन १,२६० पौंड, म्हणजे साधारण ५७१ किलो. रिकामं विमान ३८० किलोच्या आसपास, भरलेल्या टाक्यांतलं नव्वदेक लिटर पेट्रोल ६५ किलो आणि दोन माणसं १५५ किलो धरली, की बेरीज सहाशेवर, म्हणजे मर्यादेबाहेर जाते. नंतरच्या ४१५-डी ला १,४०० पौंडांची, म्हणजे ६३५ किलोंची परवानगी मिळाली, पण एलेव्हेटर ९ अंशांवर बांधून. इंजिन तेच ७५ अश्वशक्तीचं राहिलं. चार अंश गेल्यामुळे उतरताना नाक पुरेसं वर येत नाही. वेग थोडा कमी पडला की पुढचं चाक आधी टेकतं आणि धक्का थेट त्याच्या आधारावर बसतो. आमच्या मते सुरक्षेच्या नावाखाली केलेला हा सौदा वाईट होता.

तरी कागदावर ६३ किलो जास्त मिळतात म्हणून अनेक मालकांनी आपलं सी कागदोपत्री डी करून घेतलं. २००४ मध्ये हलक्या क्रीडा विमानांचा अमेरिकी नियम आला आणि तो निर्णय महागात पडला. मर्यादा होती १,३२० पौंडांची, आणि विमान पहिल्या प्रमाणपत्रापासून कायम त्या मर्यादेत असायला हवं अशी अट होती. विमान एकदा १,४०० वर गेलं की पुन्हा सी करून उपयोग नव्हता. लॉगबुकातली (विमानाच्या नोंदवहीतली) जुनी नोंद पुसता येत नाही. या नियमात बसणारं विमान वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी गाडीच्या लायसन्सवर उडवता येत असे, म्हणून मूळचं सी बाजारात भाव खाऊ लागलं. ४१५-सीडी या नावाने गोंधळ आणखी वाढला. नावात डी असलं तरी त्याची मर्यादा १,२६० चीच आहे.

जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या नियमाने क्रीडा वैमानिकासाठी वजनाची अट काढून स्टॉलच्या वेगाची, ५९ नॉटची (ताशी सुमारे १०९ किमी), अट घातली. अरकूपची सगळी मॉडेलं तिच्या आत आरामात बसतात.

त्यामुळे आता विमान घेताना सी की डी हे विचारण्याआधी पंखांचा मधला भाग उघडून पाहावा. तिथल्या स्पारच्या (पंखाच्या मुख्य आडव्या तुळईच्या) पत्र्यांमध्ये ओल धरते आणि गंज आतून पसरतो. वरून रंग शाबूत दिसतो. आरसा आणि बॅटरी घेऊन तपासणीच्या भोकांतून पाहावं. पांढरी भुकटी किंवा रिव्हेटांभोवती फुगलेला पत्रा दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. मग एलेव्हेटरवर कोनमापक ठेवून अंश मोजावेत आणि ते लॉगबुकातल्या मॉडेलशी जुळतात का ते पाहावं. सी च्या नोंदीखाली ९ अंश किंवा डी च्या नोंदीखाली १३ अंश निघाले, तर बदल कधी झाला आणि त्याची नोंद कुठे आहे, हे आधी विचारून घ्यावं.