तीव्र इसब, स्टिरॉइडची ट्यूब आणि तळटीपेतली सूट

1952 साली हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड नुसते त्वचेवर लावूनही गुण येतो हे सिद्ध झाले आणि इसबावरच्या डांबराच्या मलमांची सद्दी संपत गेली. पुढे त्याहून जहाल बीटामेथासोन आले, मग सर्वांत जहाल क्लोबेटासोल.

आपल्याकडे खरा घोळ झाला तो नियमात. 1945च्या औषध नियमावलीतल्या शेड्यूल एचची औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. स्टिरॉइड त्यात होतेच, पण बाहेरून लावायच्या औषधांना तळटीपेत सूट होती. तेवढ्या आधारावर क्लोबेटासोलसारखे जहाल औषधही मेडिकलमध्ये मागाल तसे मिळत राहिले, तेही बुरशीनाशक आणि अँटिबायोटिकसह एकाच ट्यूबमध्ये. इसब असो, गजकर्ण असो की रंग उजळायचा असो, ट्यूब तीच. गजकर्णाची लाली दोन दिवसांत उतरते, बुरशी मात्र कडेकडेने पसरत जाते. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली तर कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसू लागतात.

त्वचारोगतज्ज्ञ अनेक वर्षे ओरडत होते. 2016मध्ये अशा काही मिश्रणांवर बंदी आली, ती कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर कोर्टात टिकली नाही. अखेर मार्च 2018मध्ये 14 स्टिरॉइडची सूट निघाली आणि सप्टेंबरमध्ये काही मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. खेड्यात त्वचेचा डॉक्टर मिळत नाही हे खरेच, पण म्हणून सर्वांत जहाल औषध सर्वांत सहज मिळावे, हे कुठले शहाणपण? शिवाय आजही किती दुकानदार चिठ्ठी मागतात, ते कुठल्याही काउंटरवर पाहून घ्यावे.

या गैरवापराचा भुर्दंड तीव्र इसबाच्या रुग्णांना बसला. स्टिरॉइड म्हटले की आईवडील दचकतात, ट्यूब जेमतेम टेकवतात आणि जरा बरे वाटताच बंद करतात. खरे तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेराएवढी पिळलेली पट्टी, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला लागते. टॅक्रोलिमस या स्टिरॉइड नसलेल्या मलमाने कातडी पातळ होत नाही, पण 2006मध्ये अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर कर्करोगाचा इशारा आला आणि तिथेही भीती शिरली.

2017मध्ये अमेरिकेत तीव्र इसबावरच्या डुपिलुमॅब इंजेक्शनला मान्यता मिळाली, पाठोपाठ दाह आवरणाऱ्या जॅक इनहिबिटर गोळ्या आल्या. मात्र या गोळ्या सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते, आणि इंजेक्शनचा खर्च आपल्याकडे मोजक्यांनाच झेपतो. बाकीच्यांसाठी सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी जुनी औषधे आणि तीच जुनी ट्यूब.