‘करमत नाही’ आणि ‘रुळलो नाही’

नव्या शहरात राहायला गेलेल्या माणसाची दोन-तीन आठवड्यांनी कोणी विचारपूस केली, तर त्याच्या तोंडून बहुधा दोनपैकी एक वाक्य निघते: ‘इथे करमत नाही’ किंवा ‘अजून रुळलो नाही’. ऐकणारा दोन्हींचा अर्थ एकच धरतो आणि ‘होईल हळूहळू सवय’ असे म्हणून विषय संपवतो. आपली तक्रार यांपैकी नेमकी कोणती आहे, याचा पत्ता पुष्कळदा बोलणाऱ्यालाही नसतो. वास्तविक या दोन निराळ्या अडचणी आहेत आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

करमत नाही तेव्हा मन मागे राहिलेले असते. शहर सोयीचे असेल, शेजारी भले असतील, तरी संध्याकाळी कुलूप काढून आत शिरताना ‘आलास का?’ असे विचारणारे कोणी नसते आणि ही उणीव नव्या शहरातली कोणतीही सोय भरून काढू शकत नाही. या अवस्थेची वैद्यकीय नोंद जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथील योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात तिच्यासाठी ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. त्याने वर्णन केलेला एक रोगी त्याच देशातल्या बर्नहून बाझेलला शिकायला आलेला तरुण होता. त्याला घरी पाठवायचे ठरल्यावर तो वाटेतच सुधारू लागला. या दोन शहरांमधले अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा न करमण्यासाठी परदेशीच जावे लागते असे नाही.

न रुळण्याची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे मन मागे नसते, ते इथेच आणि गरजेपेक्षा जास्त जागे असते. बसमध्ये पुढच्या दाराने चढायचे की मागच्या, तिकीट आधी घ्यायचे की आत, उतरण्यासाठी घंटा आपण वाजवायची की प्रत्येक थांब्यावर गाडी थांबतेच, सरकत्या जिन्यावर कोणती बाजू घाईत असणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची, हे जुन्या शहरात आपण कधी ठरवलेच नव्हते, ते पायांना आणि हातांना ठाऊक होते. बोलण्याचेही तसेच असते. ‘बघू नंतर’ म्हणजे एका ठिकाणी खरोखरच नंतर बघणे असते आणि दुसऱ्या ठिकाणी तो सभ्य नकार असतो. मानवशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९५४ साली रिओ दि जानेरो येथील एका भाषणात ‘सांस्कृतिक धक्का’ या कल्पनेची मांडणी केली, तेव्हा त्यांनी हेच कारण सांगितले: रोजच्या व्यवहाराच्या ओळखीच्या खाणाखुणा हरवल्या की माणूस अस्वस्थ होतो. त्यांनी दिलेल्या लक्षणांत पिण्याच्या पाण्याची अवाजवी काळजी, क्षुल्लक विलंबाने होणारा संताप आणि आपल्याला लुबाडले जाईल ही भीती होती.

घोटाळ्याचे मूळही त्याच यादीत सापडते, कारण घरी परतण्याची तीव्र ओढ हे लक्षण ओबर्ग यांनी तिच्यातच घातले आहे. न रुळलेल्या माणसालाही घर आठवते, मात्र ते विसाव्याची जागा म्हणून, जिथे दिवसभर डोके चालवावे लागत नाही. माझ्या मते दोहोंतला फरक दिवसांवरून चांगला ओळखता येतो. सुट्टीच्या रिकाम्या दुपारी जीव नकोसा होत असेल, तर करमत नाही. कामाच्या दिवशी विशेष काही न करताही संध्याकाळी गळून गेल्यासारखे होत असेल, तर अजून रुळायचे आहे.

काळाने दोन्ही ओसरतात, पण सरळ रेषेत नाही. अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास स्वेरे लिसगोर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी आणि अठरा महिन्यांहून अधिक राहिलेल्यांचे बरे जमले होते, मधल्यांचे तितकेसे नाही, असे त्यात आढळले. पुढच्या काही अभ्यासांत मात्र सर्वांत कठीण काळ अगदी सुरुवातीचाच निघाला, त्यामुळे मध्ये खाली जाऊन पुन्हा वर येणाऱ्या या वक्ररेषेला वेळापत्रक मानू नये.

उपायांची अदलाबदल मात्र हमखास होते. रुळायचे आहे तो रोज रात्री तासभर घरी फोन लावून बसतो. त्याने बरे वाटते, पण बसचे कोडे दुसऱ्या दिवशीही तसेच उरते. त्याने थांब्यावरच्या माणसाला सरळ विचारावे, आणि आठवडाभर एकाच वाटेने, एकाच दुकानात जावे. ज्याला करमत नाही त्याला लोक शहर पाहून येण्याचा सल्ला देतात, आणि तो एकटाच फिरून अधिक उदास होऊन परततो. त्याला नवी ठिकाणे नकोत, ठरलेल्या वेळी वाट पाहणारे एखादे माणूस हवे.

काही वर्षांनी जुन्या घरी परतल्यावर या दोन गोष्टी अगदी सुट्या होऊन दिसतात. तिथे पहिल्या दिवसापासून छान करमते. रात्री पाणी प्यायला उठल्यावर मात्र हात दाराच्या उजवीकडच्या भिंतीवर चाचपडत राहतो आणि दिव्याचे बटण, लहानपणापासून होते तसे, डावीकडेच असते.