सर्वोत्तम संभाव्य विश्व

ईश्वराला निर्माण करता आली असती अशा सर्व विश्वांत आपले विश्वच सर्वोत्तम आहे, असे मानणारा तत्त्वज्ञानातील सिद्धांत. जर्मन तत्त्वज्ञ व गणिती लायब्निट्स (१६४६–१७१६) याने तो ‘तेओदिसे’ (१७१०) या फ्रेंच ग्रंथात सविस्तर मांडला. जगातील दुःखाचा ईश्वराच्या चांगुलपणाशी मेळ बुद्धीने घालता येत नाही, या फ्रेंच विचारवंत प्येअर बेलच्या मताला ते उत्तर होते.

युक्तिवाद थोडक्यात असा : पुरेशा कारणाशिवाय काहीच घडत नाही. अनंत संभाव्य विश्वांतून सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि चांगल्या ईश्वराने एक निवडले, ते सर्वांत सरस म्हणूनच. येथे सगळे सुखाचे आहे, असा दावा यात नाही. विश्वातील प्रत्येक गोष्ट इतर साऱ्यांत गुंतलेली असल्याने एक दुःख वगळले, तरी उरते ते वेगळेच विश्व. आणि ते एकंदरीत उणे ठरते. सरस म्हणजे काय, याचे उत्तर मात्र अस्सल गणित्याचे आहे : कमीत कमी नियमांतून जास्तीत जास्त वैविध्य.

ग्रंथाच्या शेवटी एक कथा येते. पुजारी थिओडोरसला देवी पॅलस (अथेना) स्वप्नात एक पिरॅमिड दाखवते; त्याचे प्रत्येक दालन म्हणजे एक संभाव्य विश्व. एका दालनात रोमच्या राजाचा मुलगा सेक्स्टस टार्क्विनियस कॉरिंथला बाग विकत घेतो, तीत त्याला धन सापडते, तो लोकप्रिय होऊन म्हातारपणी मरतो. शिखरावरच्या दालनात तो रोमला जाऊन मित्राच्या पत्नीवर बलात्कार करतो. तेच आपले विश्व, कारण त्या गुन्ह्यामुळे राजेशाही उलथून रोम स्वतंत्र होऊन पुढे महान होते. त्या स्त्रीने काय म्हणून सोसायचे, हे थिओडोरस विचारत नाही. सिद्धांताची खरी अडचण तिथेच आहे.

१ नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बन (पोर्तुगाल) भूकंपानंतर फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने आधी कवितेतून आणि मग ‘कांदीद’ या कादंबरीतून (१७५९) या मताची टर उडवली. ती गाजली, पण कादंबरीत हे मत सतत घोकणारा गुरू पँग्लॉस लायब्निट्सपेक्षा बराच भोळा आहे. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने तर हे विश्व संभाव्य विश्वांतील सर्वांत वाईट ठरवले. भारतीय परंपरेत हाच प्रश्न ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) येतो. तेथे शंकराचार्य ईश्वरावरील पक्षपात व निर्दयतेचा आक्षेप जीवांच्या कर्माकडे बोट दाखवून परतवतात. विश्वांची तुलना त्यांना करावी लागत नाही.

तर्कदृष्ट्या अवघड आक्षेप वेगळाच आहे. सर्वांत मोठी संख्या नसते, तसे सर्वोत्तम विश्वही नसेल तर? लायब्निट्सच्या पिरॅमिडला तळ नाही, शिखर मात्र आहे. कारण सर्वोत्तम असे काही नसते, तर ईश्वराने काहीच निर्माण केले नसते, असे तो म्हणतो. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट ॲडम्सने १९७२ मध्ये याच गृहीतकाला हात घातला : उत्तम तेच निर्माण करण्याचे बंधन ईश्वरावर मुळात का असावे?