पार्श्वभूमी : बॉम्बे हाउसमधील दोन खुर्च्या

24 ऑक्टोबर 2016 रोजी मुंबईतील होमी मोदी रस्त्यावरच्या बॉम्बे हाउस या टाटा समूहाच्या मुख्यालयात टाटा सन्स या समूहाच्या मुख्य कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष सायरस मिस्त्री यांना हटवण्याचा विषय विषयपत्रिकेवर नव्हता. सोसायटीच्या सभेत असतात तशा ‘आयत्या वेळच्या विषयां’त तो आला आणि मंजूरही झाला. रतन टाटा हंगामी अध्यक्ष झाले आणि मिस्त्री यांनी नेमलेली समूह कार्यकारी परिषद त्याच दिवशी बरखास्त झाली. तेव्हा हे दोन माणसांचे भांडण मानले गेले, पण त्याची मुळे समूहाच्या रचनेत होती.

1991 मध्ये जे. आर. डी. टाटा यांनी टाटा सन्सची सूत्रे रतन टाटांकडे सोपवली, तेव्हा एकेक कंपनी हा एकेक सुभाच होता. जमशेदपूरला टाटा स्टीलमध्ये रूसी मोदी, टाटा केमिकल्समध्ये दरबारी सेठ, आणि गोव्यातील आग्वादच्या किल्ल्यालगत ताजचे हॉटेल उभे करणारे अजित केरकर इंडियन हॉटेल्समध्ये. टाटा स्टीलमध्ये टाटा सन्सचा वाटा जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास होता. सुभेदार मुख्यालयाचे ऐकत ते जेआरडींचा मान राखून, भागभांडवलाच्या धाकाने नव्हे. आणि असा मान काही खुर्चीबरोबर वारशाने मिळत नाही. रतन टाटांनी मग निवृत्तीच्या वयाचा नियम काटेकोर केला आणि संचालकांसाठी 75 वर्षांची मर्यादा घातली. मोदी 1993 मध्ये गेले, केरकर 1997 मध्ये. दरम्यान कंपन्यांमधील वाटा वाढवत नेण्यात आला, ‘टाटा’ हे नाव वापरण्याबद्दल कंपन्यांकडून शुल्क घेतले जाऊ लागले आणि सत्ता बॉम्बे हाउसमध्ये एकवटली.

मात्र बॉम्बे हाउसचा मालक कोण, या प्रश्नाकडे तेवढे लक्ष गेले नव्हते. टाटा सन्सचे सुमारे 66 टक्के भाग टाटा ट्रस्ट या धर्मादाय न्यासांकडे आहेत, पण 1963 च्या कायदा दुरुस्तीनंतर अशा न्यासांचा मताधिकार सरकारनियुक्त सार्वजनिक विश्वस्ताकडे गेला होता. तो 2000 च्या दुरुस्तीने परत मिळाला. त्या वेळी ट्रस्ट आणि टाटा सन्स या दोन्हींचे अध्यक्ष रतन टाटाच असल्याने, मालकाने व्यवस्थापकाला किती विचारावे हा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते.

28 डिसेंबर 2012 रोजी ते 75 वर्षांचे झाले आणि आपल्याच नियमाने टाटा सन्समधून निवृत्त झाले. ट्रस्टचे अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडेच राहिले. टाटा सन्सचे अध्यक्षपद मिस्त्री यांच्याकडे गेल्याने दोन खुर्च्यांवर दोन माणसे आली, आणि टाटा सन्सच्या नियमावलीनुसार महत्त्वाच्या निर्णयांना ट्रस्टने नेमलेल्या संचालकांची संमती आवश्यक होती. कोरस या युरोपीय पोलाद कंपनीची खरेदी आणि नॅनो ही स्वस्त मोटार यांसारख्या जुन्या निर्णयांचा हिशेब मांडणाऱ्या मिस्त्री यांना ही ढवळाढवळ वाटे. बहुसंख्य भाग ज्यांच्या हाती, त्यांना विचारणा हा आपला हक्क वाटे. कागदावर दोघांचेही म्हणणे टिकणारे होते, आणि खरी अडचण तीच होती. मिस्त्री कुटुंबाचा सुमारे 18.4 टक्के वाटा मोठा खरा, पण मतदानात तो तोकडाच पडणार होता.

पुढे इंडियन हॉटेल्सच्या स्वतंत्र संचालकांनी मिस्त्री यांची बाजू घेतल्याने जुने सुभे पुन्हा जागे होतात की काय असे काही आठवडे वाटले. परंतु त्यांना समूहातील कंपन्यांच्या संचालकपदांवरून हटवण्यासाठी बोलावलेल्या भागधारकांच्या विशेष सभांच्या तोंडावर, 19 डिसेंबर 2016 रोजी, मिस्त्री यांनी त्या कंपन्यांच्या संचालकपदांचा राजीनामा देऊन लढाई कंपनी कायदा न्यायाधिकरणात नेली. तेथे 2018 मध्ये हार आणि 2019 मध्ये अपिलात जीत झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 26 मार्च 2021 रोजी टाटांच्या बाजूने निकाल दिला. ट्रस्ट आणि टाटा सन्स यांचे अध्यक्षपद एकाच व्यक्तीकडे राहणार नाही, अशी दुरुस्ती टाटा सन्सच्या भागधारकांनी ऑगस्ट 2022 मध्ये नियमावलीत केली.